बंदूक मालाला, जीव मात्र उघडा!

चांदीचा भाव चढला की हुपरीत दोन प्रश्न हमखास चर्चेला येतात. मजुरी वाढणार का, हा पहिला. आणि पिस्तुलाचा परवाना कसा काढायचा, हा दुसरा. पहिला प्रश्न कारागीर विचारतो, दुसरा व्यापारी विचारतो. पण अलीकडे हा दुसरा प्रश्न आपली तरुण पोरेही विचारू लागली आहेत. स्वतःच्या रक्षणासाठी कोणते हत्यार जवळ बाळगावे, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, बावीसचे की बत्तीसचे, अशी विचारणा चळवळीतल्या कार्यकर्त्यांकडून होऊ लागली आहे. म्हणून या विषयावर स्पष्ट लिहिणे आम्हाला भाग आहे.

हातकणंगले तालुक्यातील हुपरी म्हणजे चांदीची पेठ. पैंजण, तोडे, जोडवी, वाळे, करदोडे येथे घडतात आणि देशभर जातात. चांदी आटवणे, पट्टा काढणे, तार ओढणे, कड्या जोडणे, डाग देणे, घुंगरू ओवणे, पॉलिश करणे, असे एकेक काम एकेका घरात चालते. हुपरीतच नव्हे, तर रेंदाळ, पट्टणकोडोली, यळगूड अशा आसपासच्या गावांतही या कामावर चुली पेटतात. म्हणजे माल एका जागी बसून राहत नाही. तो पिशवीत बसून सायकलवरून, मोटारसायकलवरून, एसटीतून आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून सतत फिरत असतो. २०२५ मध्ये चांदीने किलोमागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन लाखांचाही. दहा किलोची साधी पिशवी वीस लाखांची झाली! अशा पिशवीवर चोरांचा डोळा राहणार, यात नवल ते काय?

पण प्रश्न असा आहे की ही पिशवी कोणाच्या खांद्यावर असते? माल ज्याचा असतो त्याच्याकडे कागदपत्रे असतात, हिशेब असतो, आयकर भरल्याची पावती असते. त्या बळावर तो शस्त्रपरवान्यासाठी अर्ज करू शकतो. पिशवी वाहणारा मात्र महिना पगाराचा माणूस असतो. अंधाऱ्या रस्त्यावर दगड बसला तर त्याच्या डोक्यात बसतो, मिरचीपूड पडली तर त्याच्या डोळ्यांत पडते. बंदूक मालाला आणि जीव मात्र उघडा, असा हा न्याय आहे.

हा न्याय आपल्याला नवा नाही. वतनदारीच्या काळात गावचा सारा सरकारी खजिन्यात पोचवण्याचे काम गावकीच्या महाराकडे असे. पैसा सरकारचा, वाट रानाची आणि राखणदाराच्या हातात फक्त काठी! ज्याच्या भरवशावर खजिना जायचा, त्याच्या हाती शस्त्र द्यायला मात्र समाजव्यवस्था तयार नव्हती. आज काठी गेली, पिशवीला चेन आली, हातात मोबाईल आला. बाकी फारसे काय बदलले?

तर आधी ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना सरळ उत्तर देऊ. कोणते हत्यार घ्यावे, हे अमेरिकेतल्या माणसाने दुकानात उभे राहून ठरवावे. आपल्याकडे ते बरेचसे कायद्यानेच ठरवून टाकले आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली हत्यारांचे दोन गट पडतात. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, पॉइंट अडतीस आणि पॉइंट चारशे पंचावन्न बोअरची हत्यारे, पॉइंट तीनशे तीनची रायफल ही लष्कराच्या आणि पोलिसांच्या वापरातली म्हणून प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून मिळतो आणि तो सामान्य माणसाच्या वाट्याला येत नाही. राहिलेल्या गटात छोट्या हत्यारांपैकी प्रामुख्याने पॉइंट बावीस आणि पॉइंट बत्तीस ही दोनच बोअर सहज भेटतात. त्यांचा परवाना जिल्ह्यात जिल्हाधिकारी देतात, पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त देतात. म्हणजे निवड उरली ती बावीस की बत्तीस आणि रिव्हॉल्व्हर की पिस्तूल एवढीच.

बत्तीसमध्येही एक खाच आहे, ती ध्यानात ठेवावी. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे आणि बत्तीसच्या पिस्तुलाचे वेगळे. नाव एक म्हणून एकाचे दुसऱ्यात चालत नाही. दोन्हींच्या गोळीचा जोर जवळपास सारखाच आणि नऊ मिलिमीटरच्या गोळीच्या तुलनेत तो सुमारे एक तृतीयांश भरतो. बावीसची गोळी त्याहून हलकी. म्हणून सिनेमात दाखवतात तसा गोळी लागताच माणूस चार हात मागे उडतो, हे कोणत्याच छोट्या हत्याराबाबत खरे नाही. एका गोळीत समोरचा थांबेलच याची खात्री बत्तीसही देत नाही, बावीस तर नाहीच.

रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते. चक्रीत काडतुसे घातली, चाप ओढला, गोळी सुटली. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, चक्री फिरून पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाला मॅगझिन असते, ते अंगाला चपटे बसते, लपवायला सोपे जाते, त्यात काडतुसेही थोडी जास्त मावतात. पण काडतूस अडकले तर वरचा भाग हाताने मागे ओढून ते काढावे लागते. भीतीने हात कापत असताना हे जमायला रोजचा सराव लागतो. म्हणून ज्याला वर्षातून एकदाही चांदमारीला जाणे जमणार नाही, त्याने पिस्तुलाच्या नादी लागू नये. बत्तीसचे साधे रिव्हॉल्व्हर त्याला पुरे. हे आमचे साधे, व्यवहारी मत आहे.

किमतीचे काय? कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर महिलांच्या रक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. सव्वा लाख! घुंगरू ओवणाऱ्या बाईने ते घ्यायचे तर तिने किती पैंजण घडवावेत? पहाटे शेतावर जाणाऱ्या, रात्री पाळीवरून परतणाऱ्या ज्या बाईला खरी भीती आहे, तिच्यासाठी ते कधी नव्हतेच. नंतर बावीस बोअरचे ‘निडर’ आले, ते अवघे अडीचशे ग्रॅमचे. २०२३ मध्ये कानपूरहूनच लांब पल्ल्याचे ‘प्रबळ’ आले. नावे पाहा, निर्भीक, निडर, प्रबळ! निर्भयता आता कारखान्यात तयार होते आणि दुकानात विकली जाते, असाच कोणाचा समज व्हावा.

आणि हत्याराहून मोठी गोष्ट म्हणजे हात. नेमबाजी म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना कोणी सांगायला नको. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. राही सरनोबत यांचा क्रीडाप्रकार पंचवीस मीटर पिस्तुलाचा, आणि त्यातले हत्यार असते तेच हलके बावीस बोअरचे. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आणि हजारो गोळ्या असतात. परवानाधारकाला मात्र वर्षाला किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावरच लिहिलेले असते आणि बहुतेकांची तीही कपाटात पडून राहतात. ज्याने गोळी कधी झाडलीच नाही, त्याच्या कमरेचे हत्यार हल्लेखोराला घाबरवते की हल्लेखोरालाच मिळते, याचा विचार करावा. मोटारसायकलवरून जाताना मागून काठी बसते, गाडी आडवी होते, दोन पावलांवर चौघे उभे राहतात. त्या दोन क्षणांत सदऱ्याखालून हत्यार काढून चालवणे कोणाला जमणार आहे?

समजा जमले, गोळीही लागली, तरी प्रश्न संपत नाही, तेथून तो सुरू होतो. खाजगी बचावाचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतले, जबर इजा होण्याची वाजवी भीती असली, बलात्कार, अपहरण किंवा जबरी चोरीचा प्रसंग असला, तर हा हक्क हल्लेखोराचा प्राण जाईपर्यंतही पोचतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कोणालाच नाही. पिशवी टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव ठरत नाही. जातिवाचक शिवी दिली म्हणून गोळी घातली तर तो बचाव ठरत नाही. त्यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आणि आपण बचावच केला, हे कोर्टात दाखवण्याचा भार ज्याने गोळी घातली त्याच्यावर पडतो. ज्यांचा साधा फिर्यादी जबाब लिहून घ्यायला ठाण्यात टाळाटाळ होते, त्यांनी आपला बचावाचा दावा तेथे कसा मांडला जाईल याचा अंदाज स्वतःच करावा.

येथपर्यंत हत्याराचे झाले. आता मूळ मुद्द्याकडे वळू. कोणते हत्यार, हा दुसरा प्रश्न आहे. परवाना कोणाला, हा पहिला प्रश्न आहे.

शस्त्र आणि जात यांचे नाते या देशात फार जुने आहे. मनुस्मृतीने धर्म अडचणीत आला तर शस्त्र उचलण्याची मुभा द्विजांना दिली. शूद्रातिशूद्रांना ती कधी दिली नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात हाच मुद्दा मांडला. येथील खालच्या वर्गांनी चातुर्वर्ण्य इतकी वर्षे का सोसले, तर त्यांच्या हाती शस्त्र नव्हते आणि शस्त्राशिवाय बंड करता येत नव्हते. युरोपातल्या दुबळ्या वर्गाला लष्करी सेवेने शारीरिक शस्त्र दिले आणि शिक्षणाने नैतिक शस्त्र दिले. आपल्याकडे दोन्ही नाकारली गेली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

इंग्रजांनीही वेगळे काय केले? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेल्या महार सैनिकांची भरती त्यांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. त्याआधी १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची बंदी झाली, युरोपियनाला मात्र मोकळीक राहिली. गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करभरतीसाठी अर्ज लिहिले. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ही रेजिमेंट म्हणजे कोणाच्या कमरेला लावलेले पिस्तूल नव्हते. देशाच्या शस्त्रबळात आमचाही वाटा आहे, असे त्यातून सांगितले गेले.

हा धागा सोडला तर १९४८ चे बाबासाहेब समजत नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा देशावर संकट आले असता शस्त्र उचलण्याचे तिचे कर्तव्य महत्त्वाचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. सरसकट हक्क दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही द्यावा लागेल, हेही त्यांनी दाखवून दिले. शस्त्र नाही म्हणून आमचा समाज गुलाम राहिला, असे सांगणारा हाच महापुरुष शस्त्राचा मोकाट बाजार मात्र नाकारतो. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. आम्हाला यात सुसंगती दिसते. सर्वांना शस्त्र मोकळे केले की ते आधी ज्याच्याकडे पैसा आणि सत्ता आहे त्याच्याकडे जाते, आणि दुबळ्याच्या वाट्याला फक्त गोळी येते.

हे खरे की खोटे, ते बीडने दाखवले. ६ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाण दिनीच, केज तालुक्यातील मस्साजोग येथे पवनचक्की प्रकल्पाच्या दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली. त्याच्या मदतीला गावचे सरपंच संतोष देशमुख धावले. ९ डिसेंबरला देशमुखांचे अपहरण करून त्यांना हालहाल करून मारण्यात आले. त्यानंतर महाराष्ट्राला कळले की एका बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने वाटले गेले होते! कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे, हवेत गोळीबार करणाऱ्यांचे फोटो आणि चित्रफिती बाहेर आल्या आणि मग शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. बाराशे परवाने असलेल्या जिल्ह्यात कोट्यवधींचा प्रकल्प राखणारा पहारेकरी मार खातो, आणि त्याला वाचवायला गेलेल्या सरपंचाचा जीव जातो. मग त्या बाराशे हत्यारांनी नेमके कोणाचे रक्षण केले? हुपरीच्या पिशवीवाल्याचा आणि मस्साजोगच्या पहारेकऱ्याचा प्रश्न एकच आहे.

परवाना नाकारताना आपल्या माणसाला काय ऐकवले जाते? तुझ्याकडे राखण्यासारखे आहे तरी काय? शेती किती, धंदा कोणता, आयकर भरतोस का? वाचकहो, येथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. शस्त्र अधिनियमाचे कलम १४ (२) स्पष्ट सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. परवाना नाकारला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात, मागितली तर सामान्यतः ती द्यावी लागतात, आणि त्या निर्णयावर कलम १८ खाली अपील करता येते. म्हणजे कायद्याने मालमत्तेपेक्षा जिवाला किंमत दिली आहे. कार्यालयातल्या टेबलावर ती उलटी होते.

त्याहून महत्त्वाची तरतूद आपल्या स्वतःच्या कायद्यात आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ मध्ये नियम झाले. त्यातला नियम ३ अत्याचारप्रवण भागात सरकारने आधीच काय काळजी घ्यावी ते सांगतो. अशा भागात गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे, त्यांच्या नातेवाइकांचे आणि नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत. क्रम लक्षात घ्या. आधी अत्याचार करणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढा, मग गरज पडली तर पीडिताच्या हाती द्या. पहिल्या दोन गोष्टी न करता फक्त तिसरी मागणे म्हणजे गावागावात दोन्ही बाजूंनी बंदुका उभ्या करणे होय, आणि त्या लढाईत संख्या कोणाची जास्त असते हे आपण जाणतो.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत जो जमाव भोतमांगे कुटुंबावर चालून गेला, त्याला एका रिव्हॉल्व्हरच्या सहा गोळ्यांनी थांबवले असते असे म्हणणे सोपे आहे. पण जमावापुढे सहा गोळ्या संपायला किती वेळ लागतो? त्या कुटुंबाला हवे होते ते वेळेवर येणारे पोलीस, त्यांची फिर्याद गांभीर्याने घेणारे ठाणे आणि साक्ष देणाऱ्यांना संरक्षण. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १५-अ आले. पीडित, त्यांचे आश्रित आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली आहे. त्या कलमाचा अर्ज करायला पैसा लागत नाही, नेमही लागत नाही.

याचा अर्थ आम्ही हात जोडून बसायला सांगतो असे कोणी समजू नये. तथागतांनी शस्त्रांचा व्यापार हा उपासकाने टाळावयाच्या पाच धंद्यांत धरला. पण त्यांची अहिंसा म्हणजे दुबळेपणाचा उपदेश नव्हता. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. इच्छेने हिंसा करू नये. गरज आहे की नाही याचा निर्णय मात्र विवेकाने करावा. ज्या कार्यकर्त्याला खरोखर जिवाची भीती आहे, ज्याने अत्याचाराच्या खटल्यात साक्ष दिली आहे, जो एकटा वस्तीवर राहतो, त्याने परवान्यासाठी अर्ज जरूर करावा. तो त्याचा अधिकार आहे, उपकार नव्हे.

पण अर्जाच्या आधी काही गोष्टी पाहाव्यात. वय एकवीस पूर्ण हवे. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे आणि प्रकृतीचे प्रमाणपत्र लागते. आणि आपल्या कार्यकर्त्यांना अडवणारी खरी गोष्ट म्हणजे चॅप्टर केस. जयंती, मोर्चा, निवडणूक तोंडावर आली की शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला जातो. तसा आदेश झाला असेल तर बाँडची मुदत संपेपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही, असे कलम ९ सांगते. म्हणून अशा नोटिसा हसण्यावारी नेऊ नका, वकील लावून लढा. परवाना मिळालाच तर हत्यार कुलपात ठेवा, काडतुसे वेगळी ठेवा, घरातल्या लेकरांच्या हाती लागणार नाही असे ठेवा. निवडणुकीत ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला की वेळेवर जमा करा. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत ते बाहेर काढू नका. निष्काळजीपणे हवेत गोळीबार करणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

आणि गावठी कट्ट्याला हातही लावू नका! हे आम्ही आमच्या तरुणांना हात जोडून नव्हे, बजावून सांगतो. मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या ठिकाणी तयार होणारे कट्टे महाराष्ट्रभर फिरतात. काही हजारांत मिळतात, फोटो काढायला बरे दिसतात. पण परवान्याशिवाय असे हत्यार जवळ सापडले तर कमीत कमी दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे शिक्षा आहे. ठाण्यात पहिला संशय कोणावर जातो, हे आपल्या वस्तीला सांगायला नको. ज्या पोराला बाबासाहेबांनी पुस्तक दिले, त्याच्या हातात कट्टा देणारा ‘भाई’ आपल्या समाजाचा मित्र नाही. त्याची शिक्षा तो भोगत नाही. पोराची आई तारखांना फिरून भोगते.

राहिला हुपरीच्या पिशवीचा प्रश्न. ज्या कामगारावर लाखोंच्या मालाची जबाबदारी टाकली जाते, त्याच्या जिवाचीही जबाबदारी मालकाने घ्यावी. रात्रीच्या वेळी एकट्याला पाठवू नये, सोबत माणूस द्यावा, कुलूपबंद वाहन द्यावे, मालाचा विमा निघतो तसा त्याचाही विमा उतरवावा. हे एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीत होण्यासारखे आहे. कामगारांनी एकत्र येऊन ते लेखी मागावे.

आणि चळवळीने काय करावे? जिल्ह्याचा जिल्हाधिकारी शस्त्रपरवाना देणारा अधिकारी असतो, आणि अत्याचार प्रतिबंधक नियमांच्या नियम १७ खाली जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीचा अध्यक्षही तोच असतो. ही समिती तीन महिन्यांतून किमान एकदा बसली पाहिजे. म्हणजे एकाच टेबलावर दोन्ही फायली आहेत! मग प्रत्येक जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारा. जिल्ह्यात एकूण शस्त्रपरवाने किती? त्यांतले अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना किती? नियम ३ खाली पीडितांना किती परवाने दिले? आणि अत्याचाराच्या गुन्ह्यातील आरोपींचे किती परवाने रद्द केले? आलेली उत्तरे दक्षता समितीच्या बैठकीत मांडा, वर्तमानपत्रांना द्या.

हुपरीजवळच माणगाव आहे. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे झालेल्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचा पुढारी म्हणून गौरवले. त्या परिषदेला आलेल्या माणसांच्या हातात बंदुका नव्हत्या. स्वतःचा नेता स्वतः निवडायचा, ही ताकद घेऊन ते घरी गेले. कोणते पिस्तूल घ्यावे असे विचारणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे की बत्तीस की बावीस याचे उत्तर दुकानदारही देईल. आधी ते चार प्रश्न विचारणारा अर्ज लिहा.